नदीकाठी तीन खोल्या टाकाव्या का? सहस्रकुंडच्या पाहुण्यांचा खरा हिशेब

उमरखेड | विशेष विश्लेषण

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पुतण्या घरी आला. चहा व्हायच्या आधीच त्याने विषय काढला. "काका, नदीकाठच्या दोन एकरात पुढच्या साली कपाशी नाही लावत. तीन खोल्या टाकतो. सहस्रकुंड पाहायला एवढं पब्लिक येते, राहायला जागा कुठं हाय? मुद्रा लोन भेटते म्हणते."

मी त्याला लगेच हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा राहिलेला नाही. टिपेश्वरच्या आजूबाजूला, माहूरच्या वाटेवर, पैनगंगेच्या दोन्ही काठांवर सध्या पोरं हेच बोलत आहेत. वावर आहे, नदी आहे, जंगल आहे, मग चिखलदऱ्यात होते ते आपल्याकडे का होऊ नये? म्हणून गेले काही महिने बातम्यांच्या फिरतीत मी याच गोष्टीची चौकशी करत होतो. जे समजलं ते इथे मांडतो.

हा विचार आता का आला?

पहिलं कारण कापूस. २०२५-२६ च्या हंगामाला मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये जाहीर झाला. त्याच हंगामात केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क ऑगस्टमध्ये काढलं आणि ही सूट डिसेंबर अखेरपर्यंत वाढवली. ऐन वेचणीच्या वेळी बाहेरचा कापूस स्वस्तात आला. वेचाईची मजुरी, फवारणी आणि बियाणं यांचा खर्च मात्र कुठे कमी झाला नाही. अशा वेळी घरातला तरुण दुसरा धंदा शोधणारच, त्यात त्याचा दोष नाही.

दुसरं कारण सरकारी घोषणा. १ फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात होमस्टेसाठी मुद्रा कर्ज देऊ असं सांगितलं गेलं. होमस्टे म्हणजे घरातल्याच खोल्यांत पाहुण्याला पैसे घेऊन ठेवणं. मात्र आपल्याकडे त्याचा अर्थ 'रिसॉर्टसाठी कर्ज मिळतं' असा पोचला. दोन्हीत फार फरक आहे, तो पुढे येईलच.

तिसरं कारण वाघ आणि मोबाईल. टिपेश्वर हे १४८ चौरस किलोमीटरचं लहानसं अभयारण्य, पण तिथला एक वाघ २०१९ मध्ये चालत चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला आणि देशभर बातमी झाली. तेव्हापासून नागपूर आणि हैदराबादकडच्या गाड्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून पांढरकवड्याला वळू लागल्या. सहस्रकुंडचं तर पावसाळ्यात एक रील पडलं की रविवारी गाड्या लावायला जागा उरत नाही.

पाहुणा येतो, पण किती दिवस?

इथेच पहिली गोम आहे. सहस्रकुंडला पैनगंगा खडकांतून फुटून खाली पडते. एका काठावर आपला उमरखेड तालुका आणि मुरली गाव, दुसऱ्या काठावर नांदेडचा किनवट तालुका आणि इस्लापूर. मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्ग नांदेडच्या बाजूने जातो, त्यामुळे गर्दीचा मोठा भाग तिकडेच उतरतो. आपल्या बाजूला बंदी भागातले रस्ते कसे आहेत ते वाचकांना सांगायची गरज नाही.

धबधब्याला जोर असतो जुलै ते ऑक्टोबर. दिवाळीनंतर धार बारीक होत जाते आणि उन्हाळ्यात काळे खडक उघडे पडतात. टिपेश्वरचं बरोबर उलटं. पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर जंगल सफारी बंद असते. तिथल्या खोलीला नऊ महिने गिऱ्हाईक मिळू शकतं, सहस्रकुंडच्या खोलीला फार तर चार. माहूरला नवरात्र आणि दत्तजयंतीला गर्दी लोटते, पण तो भाविक पहाटे दर्शन घेऊन रात्री घरी जाणारा असतो. मुक्काम केलाच तर भक्तनिवासात करतो.

आणखी एक गोष्ट मी सलग तीन रविवार नदीवर उभं राहून पाहिली. सकाळी दहाला आलेली गाडी संध्याकाळी पाच-साडेपाचला परत जाते. बहुतेक लोक नांदेड, पुसद, उमरखेड, हिंगोली, आदिलाबाद इकडचे. दोन-तीन तासांत घर गाठता येत असताना ते राहतील कशाला? त्यांना लागतं जेवण, सावली, स्वच्छ संडास आणि गाडी लावायला जागा. मुक्कामाची खोली मागणारा शंभरात एखादा.

कागदावरचा हिशेब

पुतण्याला घेऊन मी वहीवर आकडे मांडले. हे आकडे आमच्या अंदाजाचे आहेत. तुम्ही तुमच्या गावचे भरा, रीत हीच ठेवा.

नव्या तीन खोल्या, संडास-बाथरूम, बोअर, इन्व्हर्टर आणि गाद्या मिळून ८ लाखांचं कर्ज धरलं. व्याज ११ टक्के, मुदत ७ वर्षे. महिन्याचा हप्ता जवळपास १३,७०० रुपये पडतो, म्हणजे वर्षाला १ लाख ६४ हजार.

आता उत्पन्न. पावसाळ्याच्या चार महिन्यांत शनिवार-रविवार मिळून ३४ रात्री. त्यातल्या निम्म्या रात्री तिन्ही खोल्या भरल्या असं मोठ्या मनाने धरू. १७ रात्री गुणिले ३ खोल्या म्हणजे ५१. हिवाळ्याच्या सुट्ट्यांत १५ रात्री दोन-दोन खोल्या गेल्या, म्हणजे ३०. एकूण ८१ मुक्काम. भाडं १,२०० रुपये धरलं तर ९७ हजार. त्यातून धुलाई, वीज आणि साफसफाईचा एक तृतीयांश खर्च वजा केला की हातात ६५ हजार.

त्याच ३४ दिवसांत रोज २० ताटं जेवण गेलं, ताट १५० रुपये, तर १ लाख २ हजार. निम्मा खर्च काढला तरी ५१ हजार उरतात. खोल्या आणि जेवण मिळून झाले १ लाख १६ हजार, आणि हप्ता १ लाख ६४ हजार. वर्षाला ४८ हजारांचा खड्डा, तोही पहिल्या वर्षी सगळं सुरळीत झालं तर.

मग आम्ही पान उलटून दुसरा हिशेब केला. गावातल्या जुन्या घराच्या दोन खोल्या रिकाम्या पडल्या आहेत. त्यांना फरशी, रंग, जाळ्या आणि एक नवा संडास, असा दीड लाखाचा खर्च. तो तूर विकून आणि थोडे हातउसने घेऊन निघतो. त्याच ३२ रात्री दोन खोल्या, भाडं १,००० रुपये, म्हणजे ६४ हजार. खर्च वजा जाता ४३ हजार. जेवणाचे ५१ हजार तेच. एकूण ९४ हजार, आणि हप्ता एक पैशाचा नाही. नदीकाठचं दोन एकर वावर पेरायला मोकळं राहतं ते वेगळं.

पुतण्या वहीकडे पाहत राहिला. "म्हणजे खोलीपेक्षा जेवणातच पैसा हाय?" आपल्या भागात सध्या तरी तसंच आहे. पाहुण्याची खोली हे धुऱ्यावरच्या तुरीसारखं पीक आहे. मुख्य पिकाला हातभार लावेल, पण घर त्याच्या एकट्याच्या जिवावर चालवायचं म्हटलं तर चालणार नाही.

मुद्रा कर्जाला तारण लागत नाही. शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. तारण नाही म्हणून फेडायचं नाही असा समज काही जण करून घेतात. हप्ते थकले की सिबिल खराब होतं. मग जूनमध्ये पीक कर्जाला गेलं की बँक तोंड फिरवते आणि बी-बियाण्यासाठी सावकाराचं दार धरावं लागतं. खोल्यांपायी पेरणी अडकली, असं व्हायला नको.

नदी पाहायला बरी, उशाला नको

खोल्या नदीकाठीच हव्यात हा पुतण्याचा हट्ट होता. "काका, नदी दिसली नाही तर येईन कोण?" त्याला मी त्या वावरातल्या कडुलिंबाजवळ घेऊन गेलो. मागच्या पुरातला काडीकचरा फांद्यांना अजून अडकलेला होता, माझ्या डोक्याच्याही वर. तो तिथे लहानपणापासून जातो, पण या नजरेने त्याने कधी वर पाहिलं नव्हतं.

आपल्या पैनगंगेवर वरच्या अंगाला इसापूर धरण आहे. धरण भरलं की दरवाजे उघडतात. आपल्या गावात ऊन पडलेलं असलं तरी नदी चढते. गावकऱ्याला दवंडी आणि व्हाट्सॲपवर निरोप येतो, खडकावर फोटो काढणाऱ्या पाहुण्याला येत नाही. २२ जुलै २०२३ ला एका रात्रीच्या पावसाने महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर लोक पुरात अडकले आणि त्यांना काढायला बचाव पथक बोलवावं लागलं, हे आपण विसरलेलो नाही.

बाहेरचं उदाहरणही ताजं आहे. ५ ऑगस्ट २०२५ ला उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यात धराली गावात खीरगंगेला अचानक लोंढा आला. गंगोत्रीच्या वाटेवरचं ते गाव. नदीकाठी हॉटेलं, होमस्टे, दुकानं दाटीने उभी होती. बघता बघता बाजारपेठ गाळाखाली गेली. आपल्या महाराष्ट्रातले यात्रेकरूही तेव्हा त्या भागात अडकले होते. तिथल्या लोकांनी आयुष्यभराची कमाई त्या खोल्यांत घातली होती. हिमालय आणि पैनगंगा सारखे नाहीत, हे मान्य. पण नदीच्या जागेत घर बांधलं की नदी ते परत मागते, हे दोन्हीकडे सारखंच.

नियमही आहे. जलसंपदा विभाग नदीला दोन रेषा आखतो. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करता येत नाही. निळी आणि लाल यांच्या मधल्या पट्ट्यात बंधनं असतात. आपल्या गावाची रेषा आखली आहे का, हे पाटबंधारे कार्यालयात लेखी विचारा. आखली नसेल तर गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, पाणी कुठवर आलं होतं, आणि त्याच्याही वर बांधा.

पाहुण्याच्या जिवाची जबाबदारीही घरमालकावर येते. लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ ३० जून २०२४ ला एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला आणि चार जण गेले. सहस्रकुंडचे खडक शेवाळाने किती निसरडे होतात ते आपल्याला माहीत आहे, नागपूरच्या पोराला माहीत नसतं. त्याला ते सांगणं, दारू पिऊन पाण्यात उतरू न देणं, दोर आणि लाइफ जॅकेट घरात ठेवणं, हा या धंद्यातला पहिला खर्च धरा.

कोणती योजना कोणासाठी?

गावोगावी सल्लागार फिरतात आणि 'सबसिडी काढून देतो' म्हणून आधीच पैसे घेतात. आमच्याही घरी एक येऊन गेला. म्हणून थोडक्यात:

एक, राज्याचं कृषी पर्यटन धोरण, २०२०. शेतकऱ्याच्या नावावर किमान १ एकर शेती असेल तर पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. पहिली फी २,५०० रुपये. ही नोंदणी म्हणजे अनुदान नाही. ते ओळखीचं प्रमाणपत्र आहे, बँकेत आणि इतर परवान्यांना उपयोगी पडतं. महाराष्ट्रात या धंद्याची वाट पांडुरंग तावरे यांनी २००५ मध्ये बारामतीजवळ पळशीवाडीला केंद्र काढून दाखवली. पण तिथे पुणे जवळ आहे, आपल्याला जवळ काय आहे ते आधी पाहावं.

दोन, राज्याचं 'आई' महिला पर्यटन धोरण, २०२३. धंदा बाईच्या मालकीचा असेल तर १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज पर्यटन विभाग परत करतो. मर्यादा साडेचार लाख रुपये किंवा सात वर्षे, जे आधी होईल ते. मुद्दल आपल्यालाच फेडायचं आहे, हे ध्यानात असू द्या.

तीन, आदिवासी गावांसाठी केंद्राची होमस्टे योजना. २ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालेल्या धरती आबा अभियानात देशभरात १,००० आदिवासी होमस्टे उभे करायचे ठरले. दोन नव्या खोल्यांना ५ लाखांपर्यंत, जुन्या खोल्या दुरुस्त करायला ३ लाखांपर्यंत, आणि गावाच्या सामाईक सोयींसाठी ५ लाखांपर्यंत मदत. आपल्या जिल्ह्यात कोलाम, गोंड, आंध, परधान बांधवांची कितीतरी गावं जंगलाला लागून आहेत. हे कर्ज नाही, मदत आहे. मुद्रा कर्जाच्या गप्पांत ही योजना झाकली गेली. ग्रामसभेचा ठराव करून प्रकल्प कार्यालयात पाठपुरावा करण्यासारखी गोष्ट ही आहे.

परवान्यांचं म्हणाल तर जेवण विकायला अन्न नोंदणी लागते, लहान धंद्याला वर्षाला १०० रुपये फी. पाहुण्यांची वही आणि ओळखपत्राची प्रत ठेवावीच लागते. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. अभयारण्याच्या सीमेजवळ, म्हणजे पर्यावरण संवेदनशील क्षेत्रात, नव्या व्यापारी हॉटेल-रिसॉर्टवर साधारणपणे बंदी असते. घरातल्या खोल्या द्यायच्या असल्या तरी आधी वन विभागाला लेखी विचारलेलं बरं. वनहक्काचा पट्टा तर विकताही येत नाही आणि गहाणही टाकता येत नाही.

चादरी कोण धुणार?

सगळ्या चर्चेत हा प्रश्न माझ्या बायकोने विचारला. पुतण्याची सून स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती, ती नुसती हसली. खोली पुरुषाच्या नावावर आणि काम बाईच्या अंगावर, असंच बहुतेक ठिकाणी होतं. पहाटे वीस माणसांची भाकर, दुपारी भांडी, संध्याकाळी चादरी आणि संडास. त्यात वावरातलं निंदण सुटत नाही. पावसाळ्याचे चार महिने म्हणजे नेमके निंदण-डवरणीचे दिवस.

म्हणून धंदा करायचा तर बाईला विचारून, तिच्या नावावर, आणि पैसे तिच्या खात्यात. दुसरा मार्ग बचत गटाचा. आठ-दहा जणींनी पाळी लावली तर कोणाचाच कणा मोडत नाही. ताटात हॉटेलसारखं पनीर ठेवायची गरज नाही. गोवऱ्यांवरचे रोडगे, वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर, ठेचा, अंबाडीची भाजी यासाठी शहरातला माणूस मागे वळून येतो. हिवाळ्यात हुरडा आहेच.

गावाचा वाटा

ताडोब्याच्या मोहर्लीकडे जाऊन आलेल्या माणसाला एक गोष्ट दिसते. गेटजवळच्या मोठ्या रिसॉर्टचे मालक बहुतेक बाहेरचे. गावातली पोरं तिथे गाईड, ड्रायव्हर, वेटर. नोकरी मिळाली हे खरं, पण एकदा विकलेली जमीन परत येत नाही. टिपेश्वरच्या भागात आता जमिनी विचारत दलाल फिरतात. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकायला, गहाण द्यायला, अगदी भाड्यानं द्यायलाही परवानगी लागते. कोणी 'नुसता करार करू' म्हटलं तर सही करायच्या आधी तलाठी कार्यालय गाठा.

वाघाचा त्रास गावाने सोसायचा आणि वाघाचा पैसा बाहेरच्याने न्यायचा, हे फार दिवस चालणार नाही. २०१८ मध्ये राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात टी-१ वाघिणीच्या काळात लोक वावरात जायला भीत होते, जागली बंद झाली होती. त्या गावांतल्या घरांना पहिला पाहुणा मिळाला पाहिजे.

सहस्रकुंडला आपल्या काठावर सरकारने मोठं काही उभारायच्या आधी चार साध्या गोष्टी कराव्यात: धड रस्ता, महिलांसाठी स्वच्छ संडास, खडकाजवळ कठडा आणि धरणाचं पाणी सुटलं की वाजणारा भोंगा. मेळघाटात कोलकासला सिपना नदीच्या काठी वन विभागाचं विश्रामगृह कित्येक वर्षं चालतं. तसं एखादं इथे झालं आणि ते ग्रामसभेकडे चालवायला दिलं, तर कोणाला कर्ज न काढता गावात पैसा राहील. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेचा वर्धा ते कळंब टप्पा २०२४ मध्ये सुरू झाला. ती गाडी उमरखेडपर्यंत येईल तेव्हा मुक्कामी पाहुणाही वाढेल. तोवर हात शिकून घ्यावा.

पुतण्याचं म्हणाल तर त्याने कर्जाचा अर्ज भरला नाही. येत्या जुलैपासून शनिवार-रविवार घरीच रोडग्याचं जेवण सुरू करणार आहे, सूनबाईच्या नावाने अन्न नोंदणी काढून. एक हंगाम वहीत रोजचं लिहायचं: किती गाड्या आल्या, किती जेवले, किती जणांनी 'राहायला मिळेल का' असं विचारलं. तो शेवटचा आकडा वाढला तर जुन्या घराच्या दोन खोल्यांना फरशी लागेल. नदीकाठच्या दोन एकरात पुढच्या सालीही कपाशीच असेल, धुऱ्यावर तूर.

तुमच्याही गावात कोणी असा विचार करत असेल तर त्याला आधी वही घ्यायला सांगा, बँकेत नंतर जाता येईल.